ग्रीनलंडच्या हिमावरील एक वर्ष

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी आम्ही चार शब्द बोलावेत असा निरोप चिटणीसांनी दोन महिन्यांपूर्वी धाडला, तेव्हा शिक्षणाचे महत्त्व अथवा ज्ञातीची उन्नती यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ अशी त्यांची समजूत असावी. या दोन्ही विषयांवर या व्यासपीठावरून आजवर इतके बोलून झाले आहे की, त्यात भर घालण्याचे धाडस मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका निवृत्त मास्तराने करू नये हेच बरे. म्हणून जेथे आम्ही कधी गेलो नाही, आणि या वयात जाण्याचा संभवही नाही, अशा एका ठिकाणाची हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

त्याला निमित्तही घडले. गतवर्षी गुणगौरवाच्या वेळी आपल्यातीलच एका मुलीला, 'मोठेपणी काय करणार?' असा नेहमीचा प्रश्न विचारण्यात आला. तिने शांतपणे उत्तर दिले, 'अंटार्क्टिकावर जाऊन हवामान मोजणार.' सभागृहात हशा पिकला. खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. घरी गेल्यावर मात्र त्या हसण्याची आम्हांस लाज वाटली. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी निघाली ती आपल्या शेजारच्या गोव्यातूनच. १९८३ साली निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरच्या डॉ. अदिती पंत होत्या. आजही 'मैत्री' आणि 'भारती' या आपल्या ठाण्यांवर हवामानखात्याची माणसे वर्ष वर्ष राहून नोंदी घेतात. तेव्हा ती मुलगी काही चमत्कारिक बोलली नव्हती. चमत्कारिक होते ते आपले अज्ञान. हिमावर बसून हवामान मोजणे म्हणजे काय असते, हे तिला व तिच्या आईबापांना कळावे म्हणून आम्ही १९३०–३१ सालची एक घटना निवडली आहे. ती अंटार्क्टिकाची नाही, उत्तर ध्रुवाकडील ग्रीनलंडची आहे. परंतु या कामाचे मर्म तीत आहे, आणि त्याची किंमतही.

ग्रीनलंड हे जगातील सर्वांत मोठे बेट. आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे सातपट त्याचे क्षेत्रफळ, आणि त्याचा चार पंचमांश भाग बर्फाखाली. हा बर्फ सपाट नाही. उपड्या परातीसारखा तो कडेला उतरता व मध्ये फुगलेला आहे, आणि मध्यभागी त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३००० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट भरते. हिमाला चिकटून असलेली हवा गार होते, गार झाली की जड होते, आणि जड झाली की पाण्यासारखी उतारावरून चहूकडे समुद्राच्या दिशेने वाहू लागते. अमेरिकेतील प्राध्यापक हॉब्ज यांचे म्हणणे असे की, या हिमावर जड हवेचा एक कायमचा घुमट बसलेला असतो आणि बाहेरच्या वादळांना तो आत शिरू देत नाही. हे खरे की खोटे? युरोपच्या हवामानाचे भाकीत करणारांना याचे उत्तर हवे होते. युरोपातून अमेरिकेस विमाने नेऊ पाहणारांनाही हवे होते. उत्तर मिळण्याचा मार्ग एकच होता. कोणीतरी परातीच्या मध्यावर जाऊन, हिवाळ्यासकट सबंध वर्ष तेथे राहून, रोज वाऱ्याची दिशा, हवेचा दाब आणि उष्णमान लिहून काढावयाचे. त्या जागी तोवर कोणीही हिवाळा काढलेला नव्हता.

हे काम अंगावर घेतले ते जर्मनीचे प्राध्यापक आल्फ्रेड वेगेनर यांनी. खंडे एके काळी एकत्र होती व पुढे सरकत सरकत दूर गेली, हा सिद्धान्त मांडणारे तेच हे वेगेनर. १९१२ साली त्यांनी तो मांडला तेव्हा पुष्कळ पंडितांनी त्यांची टर उडविली. ते हयात असेपर्यंत त्यांस न्याय मिळाला नाही. आज मात्र शाळेच्या भूगोलातही तो सिद्धान्त शिकवितात. परंतु मुळात हे गृहस्थ हवामानाचे अभ्यासक. १९०६ साली ते व त्यांचे बंधू कुर्ट बलूनमध्ये बसून सलग ५२ तास आकाशात राहिले होते. १९१२–१३ मध्ये आइसलंडी घोडी घेऊन त्यांनी ग्रीनलंडचे हिम ओलांडले होते. १९३० साली त्यांचे वय पन्नाशीला टेकलेले होते.

त्यांनी तीन ठाणी योजिली: एक पश्चिम किनाऱ्याच्या बाजूस, एक पूर्वेस आणि तिसरे ठीक मध्यात, पश्चिमेच्या ठाण्यापासून ४०० किलोमीटर आत. मुंबईहून सोलापूर जितके दूर तितकेच म्हणा. मात्र वाटेत ना गाव, ना झाड, ना दगड. या मधल्या ठाण्याचे नाव 'आइसमिटे', म्हणजे बर्फाचा मध्य. तेथे राहण्यासाठी योहान्नेस जॉर्जी आणि एर्न्स्ट सॉर्गे यांची निवड झाली. जॉर्जी हे हँबुर्गच्या हवामान वेधशाळेतले. सॉर्गे मात्र बर्लिनमधील एक शाळामास्तर होते, आणि हे वाचल्यापासून त्यांच्याविषयी आम्हांस घरच्या माणसाइतकी आपुलकी वाटत आली आहे, हे लपवीत नाही.

आरंभीच अडथळा आला. समुद्रातील बर्फ फुटेना, आणि जहाज किनाऱ्याला लागण्यास ३८ दिवस उशीर झाला. ज्या प्रदेशात कामाचा उन्हाळा तीन महिन्यांचा, तेथे ३८ दिवस म्हणजे काय, हे पेरणीच्या वेळी पावसाने दडी मारलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांस सांगावयास नको. तरीही ३० जुलै १९३० रोजी जॉर्जी मध्यावर पोहोचले. सोबतची माणसे व कुत्र्यांच्या गाड्या परतल्या, आणि ते एकटेच तंबूत राहून नोंदी घेऊ लागले. सप्टेंबरच्या मध्यास सॉर्गे येऊन मिळाले. सामान मात्र पुरेसे आले नव्हते. राहण्यासाठी न्यावयाची झोपडी आली नाही. रॉकेल ठरल्यापेक्षा फार कमी आले. बिनतारी यंत्र तर वजनामुळे मागेच राहिले. पंख्याच्या बळावर हिमावरून धावणाऱ्या दोन मोटारगाड्या मुद्दाम आणल्या होत्या; ताज्या भुसभुशीत बर्फात त्या रुतून बसल्या.

अशा स्थितीत या दोघांनी परतणाऱ्या माणसांबरोबर एक पत्र पाठविले. अमुक इतके इंधन व सामान २० ऑक्टोबरपर्यंत न आल्यास आम्ही ठाणे सोडून हातगाडी ओढीत पायी किनाऱ्याकडे निघू, असा त्याचा आशय होता. आमच्या मते साऱ्या कथेची कळ या पत्रात आहे. ऑक्टोबरअखेर चारशे किलोमीटर हिमावरून पायी निघणे म्हणजे मरणे, हे वेगेनर जाणून होते. पत्र हाती आल्यावर त्यांच्यापुढे दुसरा मार्ग उरला नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धात फ्रिट्झ लोवे नावाचे हवामानशास्त्रज्ञ, ग्रीनलंडचे तेरा रहिवासी आणि कुत्र्यांच्या पंधरा गाड्या घेऊन ते निघाले.

हे रहिवासी म्हणजे आपल्या जुन्या भूगोलात ज्यांस 'एस्किमो' म्हणत व जे स्वतःस 'इन्युइट' म्हणवितात ते लोक. किनाऱ्यावर सील मारून त्यांचा निर्वाह चाले. आतल्या हिमावर जाण्याचे त्यांस काही कारण नसे. थंडी वाढत चालली, वाटेवर रोवलेल्या खुणा बर्फाखाली गेल्या, तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांनी परतण्याची इच्छा दर्शविली. आधी नऊ गेले, मागाहून तिघे. त्यांना भित्रे म्हणणारे लेखक आम्ही वाचले आहेत. आम्हांस ते पटत नाही. त्यांना हिम ठाऊक होते, त्यांच्या घरी बायकामुले होती, आणि बर्लिनच्या हवामानाशी त्यांचे काही देणे नव्हते. वेगेनर यांनीही त्यांना अडविले नाही. गाड्यांवरचा बहुतेक माल वाटेत टाकून द्यावा लागला. उरले तिघे: वेगेनर, लोवे, आणि तेवीस वर्षांचे रास्मुस विलुमसेन. हे नाव आपण ध्यानात ठेवावे अशी आमची विनंती आहे.

चाळीस दिवस चालून ३० ऑक्टोबरला हे तिघे आइसमिटे येथे पोहोचले. वाटेत शून्याखाली ५० अंशांहून अधिक थंडी त्यांनी सोसली होती. लोवे यांच्या पायांची बोटे गोठून मेली होती. आणि तेथे त्यांस काय दिसले? जॉर्जी व सॉर्गे यांनी झोपडीची वाट पाहणे सोडून ऑक्टोबरच्या आरंभीच हिमात गुहा खोदली होती. बर्फाच्या पोटात वारा लागत नाही, म्हणून तेथे राहण्यास इंधन त्यांच्या अंदाजापेक्षा फार कमी पुरे. २० ऑक्टोबरला हिशेब करून त्यांनी हिवाळा तेथेच काढण्याचे ठरविले होते. ज्या पत्रासाठी ही माणसे मरणाच्या दारातून चालत आली, ते पत्र दहा दिवसांपूर्वीच निरर्थक झालेले होते. फक्त ते कळविण्यास साधन नव्हते.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिलो होतो.

शिधा पाचांना पुरणारा नव्हता. लोवे यांना चालणे अशक्य. १ नोव्हेंबर हा वेगेनर यांचा पन्नासावा वाढदिवस. त्या दिवशी ते व रास्मुस दोन गाड्या आणि सतरा कुत्रे घेऊन पश्चिमेकडे परत निघाले. गुहेतील तिघांची समजूत अशी की, ते किनाऱ्यास सुखरूप पोहोचले असतील. किनाऱ्यावरच्या मंडळींची समजूत अशी की, ते आत गुहेत हिवाळा काढीत असतील. सहा महिने दोन्ही ठाणी या समजुतीवर निर्धास्त राहिली.

आता गुहेतील दिनक्रम पाहू. लोवे यांच्या बोटांत विष चढू लागले, तेव्हा जॉर्जी यांनी खिशातला चाकू व पत्रा कापण्याची कातर यांच्या साह्याने, भूल न देता, ती बोटे कापली. डॉक्टर नव्हता, औषधे नव्हती. त्यानंतर कित्येक आठवडे लोवे झोपण्याच्या पिशवीतच पडून होते. सूर्य सुमारे दोन महिने उगवला नाही. उंचीमुळे हवेचा दाब इतका कमी की पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळते; आपल्या बायकांनी तेथे डाळ शिजवून दाखवावी. पारा शून्याखाली ३९ अंशांस गोठून घट्ट होतो, म्हणून पाऱ्याचे उष्णतामापक तेथे कुचकामाचे. अल्कोहोलचे वापरावे लागत. धातूला उघडा हात लागला तर कातडी चिकटून निघे. आकडा वाचताना नाकातोंडातली वाफ काचेवर बसून बर्फ होई, म्हणून श्वास रोखून वाचावयाचे. जॉर्जी यांनी दिवसातून तीन वेळा गुहेबाहेर येऊन असे वाचले. त्या हिवाळ्यात शून्याखाली ६४.९ अंश हा सर्वांत नीचांकी आकडा त्यांनी टिपला. खोटा आकडा लिहिला असता तर पकडणारा इन्स्पेक्टर चारशे किलोमीटरांच्या आत कोणी नव्हता.

येथे स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. कोकणात आम्ही ज्या शाळेत नोकरीस होतो, तेथील पटांगणात एक पर्जन्यमापक होता. रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजून वहीत लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. एका वर्षी गणपतीच्या सुटीत आम्ही गावी गेलो, आणि त्या चार दिवसांत पावसाने कहर केला. परतल्यावर पाहतो तो भांडे भरून वाहिलेले. मुख्याध्यापकांना तसे सांगून त्या चार रकान्यांत रेघ ओढावयास हवी होती. आम्ही काय केले? शेजारच्या गावच्या पावसाचा कानोसा घेतला, अंदाजाने चार आकडे ठरविले आणि दशांशचिन्हासह सुवाच्य अक्षरात लिहून टाकले. कोणी विचारले नाही. ती वही अजून कोठेतरी असेल. तिच्यातले चार आकडे खोटे आहेत, आणि ते कोणते हे आमच्यावाचून कोणास ठाऊक नाही. आमच्यावर छप्पर होते, पोटात मोदक होते, आणि बाहेर जाण्यास एक छत्री पुरेशी होती.

असो. आमचे मास्तरबंधू सॉर्गे हिवाळ्यात काय करीत होते? गुहेतूनच त्यांनी खाली १५ मीटर खोल विहीर खणली. तिच्या भिंतीत उन्हाळ्याचे व हिवाळ्याचे थर वेगळे ओळखू येत. प्रत्येक थराचा तुकडा कापून त्यांनी वजन केले, घनता काढली, आणि कोणत्या वर्षी किती हिम पडले याचा माग काढला. जेथे हिम दरसाल सारखे पडते, तेथे अमुक खोलीवरील घनता वर्षानुवर्षे तीच राहते, असा नियम त्यातून निघाला. पुढे त्या नियमास सॉर्गे यांचेच नाव मिळाले. पुढल्या उन्हाळ्यात सुरुंग उडवून त्याच्या प्रतिध्वनीवरून त्यांनी बर्फाची जाडीही मोजली. ती अडीच हजार मीटरांहून अधिक भरली.

७ मे १९३१ रोजी पश्चिमेकडील मंडळी गुहेशी येऊन पोहोचली. वेगेनर कोठे आहेत, हे दोन्ही बाजूंनी एकमेकांस विचारले, आणि तेव्हा सर्व उलगडा झाला. १२ मे रोजी अर्ध्या वाटेवर, हिमात उभ्या रोवलेल्या वेगेनर यांच्या स्की सापडल्या. खाली खणले तेव्हा देह मिळाला. झोपण्याच्या पिशवीच्या दोन खोळांत तो नीट शिवलेला होता, खाली कातडे अंथरलेले होते. अतिश्रमाने हृदय थांबून तंबूतच त्यांचा अंत झाला असावा, असे देहाच्या स्थितीवरून पाहणारांनी ठरविले. खड्डा खणून, देह शिवून, वर खूण रोवणारा माणूस एकच असू शकत होता. रास्मुस यांनी ते सारे एकट्याने केले, वेगेनर यांची रोजनिशी सोबत घेतली आणि ते पश्चिमेकडे चालू लागले. ते सापडले नाहीत. रोजनिशीही सापडली नाही.

जॉर्जी यांच्यावर त्या पत्राचा ठपका ठेवणारे पुढे निघाले, आणि आयुष्यभर त्यांना त्याचे उत्तर देत बसावे लागले. आमचे मत विचाराल तर पत्र लिहिणे हा दोष नव्हे. सप्टेंबरात त्यांच्या हाती जो हिशेब होता, त्याप्रमाणे ते बरोबर होते. दोष द्यावयाचाच तर बिनतारी यंत्र मागे ठेवणाऱ्या निर्णयास द्यावा, आणि तो निर्णय वेगेनर यांच्याच मोहिमेचा होता. त्यामागे ते ३८ दिवस होते. याहून अधिक न्यायनिवाडा करण्याचा अधिकार चार खोटे आकडे लिहिणाऱ्यास नाही.

बातमी कळल्यावर लोवे यांना किनाऱ्याकडे नेण्यात आले. सॉर्गेही गेले, ते जुलैत परत येण्यासाठी. जॉर्जी मात्र निघाले नाहीत. वर्ष पुरे होण्यास अद्याप अडीच महिने होते. ते पुन्हा एकटेच त्या गुहेत राहिले, दिवसातून तीन वेळा बाहेर येत राहिले, आणि वेगेनर ज्यासाठी गेले ती वर्षाची मालिका त्यांनी ऑगस्ट १९३१ मध्ये पुरी केली. वर्षाची सरासरी शून्याखाली सुमारे ३० अंश आली. हिमालगत हवा अतिथंड आणि वर तिच्याहून उबदार, असा उलटा प्रकार तेथे वारंवार घडतो हे दिसून आले. बाहेरची वादळे आत शिरतच नाहीत, हे मात्र खरे ठरले नाही. हॉब्ज यांचा घुमट त्यांनी वर्णिला होता तितका अभेद्य नव्हता. १९४९ ते १९५१ या काळात पॉल-एमिल व्हिक्टर यांच्या फ्रेंच मंडळींनी जवळजवळ त्याच जागी ठाणे मांडले, तेव्हा ताडून पाहण्यास जॉर्जी यांची वही होती. आज ग्रीनलंडचे बर्फ वितळत आहे. ते सगळे वितळले तर जगातील समुद्र सुमारे ७ मीटर चढतील, असे शास्त्रज्ञ सांगतात. आपल्या ज्ञातीची निम्मी घरे कोकणकिनाऱ्यावर आहेत. बर्फ पूर्वी कसे होते हे ठाऊक असल्यावाचून आज किती फरक पडला ते सांगता येत नाही, आणि 'पूर्वी'ची नोंद त्या गुहेत झाली.

लोवे ज्यू होते. हिटलरच्या राज्यात त्यांना नोकरी व देश दोन्ही सोडावी लागली. ते ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या विद्यापीठात हवामानशास्त्र शिकवू लागले. १९५१ साली, वयाची पंचावन्न उलटल्यावर, बोटे नसलेल्या त्याच पायांनी ते अंटार्क्टिकावरील फ्रेंच ठाण्यावर गेले व तेथे हिवाळाभर राहून त्यांनी पुन्हा वारा मोजला.

वेगेनर यांच्या थडग्यावर लोखंडी क्रूस उभारण्यात आला होता. दरसाल पडणाऱ्या हिमाखाली देह व क्रूस दोन्ही गाडले गेले आहेत. रास्मुस यांच्या नावे त्या वाटेवर खूण कोठे रोवावयाची, हे कोणास कळण्याचा मार्गच नव्हता. आपल्या स्मरणिकेत आपण देणगीदारांची नावे छापतो, मांडव घालणारांची छापीत नाही. म्हणून निदान या भाषणापुरते तरी ते नाव पुन्हा एकदा उच्चारतो: रास्मुस विलुमसेन, वय तेवीस, ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील रहिवासी.

ती मुलगी आज सभागृहात आहे असे समजते. तिच्या वडिलांनी भाषणानंतर आम्हांस भेटावे. वास्को येथे ध्रुवीय संशोधनाचे जे राष्ट्रीय केंद्र आहे, त्याची माहिती आम्ही एका कागदावर लिहून आणली आहे.